उताण्यांची पिवळी रेघ

आमच्या ह्यांना अख्खा रस्ता 'उताणे' म्हणतो. ते काही आडनाव नाही. माणूस चाळीस वर्षं गाड्यांखाली पाठीवर पडून आहे, म्हणून कुणीतरी कधीतरी गमतीने म्हटलं आणि ते चिकटलं. एकदा तर एका लग्नाची पत्रिका 'श्री. उताणे आणि कुटुंब' अशी आली. मी म्हटलं, मी काही उताणी नाही, मी येणार नाही. हे म्हणाले, "चल गं, जेवण चांगलं असेल." ह्यांच्याशी भांडायला जावं तर हे असे निसटतात.

गॅरेज घराच्या पुढच्या बाजूला आहे. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मला गाडीखालून बाहेर आलेले ह्यांचे पाय दिसतात. संसारात मी नवऱ्याच्या तोंडाशी बोलले त्याच्या दुप्पट त्याच्या बुटांशी बोलले असेन. बुटांची टोकं वर असली की काम सुरळीत चाललंय, एक बूट दुसऱ्यावर घासायला लागला की कुठेतरी अडलंय, आणि दोन्ही टाचा जमिनीवर आपटल्या की मी चहा टाकते.

इंजिनाचं काम हे घेत नाहीत. स्टीअरिंग आणि सस्पेन्शन, बस. लोक विचारतात, "उताणे, एवढं येतं तर इंजिनही बघा की." ह्यांचं उत्तर ठरलेलं: "इंजिन बिघडलं तर गाडी थांबते. स्टीअरिंग बिघडलं तर थांबत नाही." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हे फार शहाणे वाटले होते. हजार वेळा ऐकल्यावर कुठलाही शहाणपणा कंटाळवाणा होतो, पण तो खोटा होत नाही.

ह्यांच्या कामाची एक रीत आहे. ज्याची गाडी, त्यानेच आत बसून स्टीअरिंग डावी-उजवीकडे हलवायचं. हे खाली पडून एकेका सांध्यावर तळहात ठेवणार. वर हात हलला आणि खाली सांधा आधी जरासा गप्प राहिला, मग हलला, तर तो सैल. मालकाला तिथूनच ओरडून सांगतात, "हे तुमच्या हाताला कळलं का?" मालकाला कळेपर्यंत हलवायला लावतात. मोठमोठे साहेब घामाघूम होतात. हे म्हणतात, चालवणाऱ्याच्या हाताला आपली गाडी माहीत पाहिजे.

दुसरी रीत पिवळ्या रेघेची. नट पक्का आवळला की त्याच्यावरून शेजारच्या लोखंडावर एक पिवळी रेघ मारायची. नट उद्या फिरला तर रेघ तुटलेली दिसते. रेघ मारायचं काम माझं. पाच वर्षांपूर्वी ह्यांचा उजवा खांदा अधू झाला, डबी आणि ब्रश धरून आडवं पडणं जमेना, तेव्हापासून मी शेजारी पाटावर बसते. त्याच वर्षी आमच्या लेकीने ह्यांना एक पाना आणून दिला. त्याच्या मुठीवर आकडे असतात. मूठ फिरवून हवा तो आकडा लावायचा. तेवढा जोर झाला की पाना 'टक्' वाजतो. तोवर हे हाताच्या अंदाजाने आवळायचे आणि तो अंदाज कधी चुकला नव्हता. पण खांदा गेल्यावर ह्यांनी हातावर भरवसा ठेवणं सोडलं. 'टक्' झालं की मी रेघ मारायची. आमचं दोघांचं अगदी जुळलं होतं, एक शब्दसुद्धा बोलावा लागत नसे.

पाना वापरायची रीतही ठरलेली. सकाळी सगळ्यात मोठा आकडा लावायचा, मोठे बोल्ट आधी, मग मूठ उलटी फिरवत धाकट्यांकडे यायचं, रात्री शून्यावर आणून पेटीत ठेवायचा. मोठ्याकडून धाकट्याकडे. त्यामुळे आकडा कितीवर आहे हे लक्षात ठेवायची गरजच पडत नसे. गरज पडत नाही ते माणूस लक्षात ठेवत नाही.

लेक परिचारिका आहे. खिंडीपलीकडच्या दवाखान्यात तिची बदली झाली. जावईबापू जमिनी मोजतात, त्यांना काय, कुठेही जमीन असतेच. चार वर्षांची नात, तिला आम्ही चिमणी म्हणतो. सोमवारी लेकीला हजर व्हायचं होतं, शनिवारी सकाळी निघायचं ठरलं. खिंडीपलीकडे रस्ता असा नाहीच, म्हणून जावईबापूंनी एक जुनी उंच गाडी घेतली आणि मंगळवारी आमच्या दारात आणून उभी केली. चेहरा असा की जणू वाघ मारून आणलाय.

गाडी मूळची उंच नव्हती, उंच केलेली होती. आधीच्या मालकाने लांब स्प्रिंगा आणि थोराड टायर घालून ती चांगली वीतभर वर उचलली होती. चिमणीला आत चढवायला दोन माणसं लागली. जावईबापू म्हणाले, "बाबा, एकदम दणकट आहे. फक्त जरा थरथरते."

"कधी?"

"खड्डा आला की. पन्नासच्या पुढे. मग थांबवावी लागते."

ह्यांनी थेट हात पुढे केला. चावी घेतली आणि एकटेच फिरवून आणायला गेले. परत आले तेव्हा मी दारातच होते. ह्यांच्या ओठांना रंग नव्हता. चावी त्यांनी खिळ्याला अडकवली नाही, माझ्या मुठीत दिली.

"मी सांगेपर्यंत कुणाला देऊ नकोस. जावयालाही नाही."

"एवढं काय झालं?"

"पुढची दोन्ही चाकं लाथा झाडायला लागली. स्टीअरिंग हातात राहीना. उतारावर असतो तर मी आत्ता तुझ्यासमोर नसतो."

त्या रात्री ह्यांचं जेवणात लक्ष नव्हतं. मी भाजीत मीठ घालायला विसरले होते, ते मला दुसऱ्या दिवशी मोलकरणीने सांगितलं.

बुधवारी गाडी खोलली. हे नेहमी काढलेले भाग पोत्यावर ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने मांडतात. त्या दिवशी मांडता मांडता मध्येच उठून बसले आणि मला हाक मारली. एक दांडी काळी, एक लाल, एकीवर गंजाखाली निळा रंग. "हे बघ. तीन वेगवेगळ्या गाड्यांमधून उचललंय. एकाचं टोक दुसऱ्याच्या भोकात ठोकून बसवलंय. ही काय सोयरीक झाली?" उंच केलेल्या गाडीत दांड्यांचा कोन बदलतो, मग त्यांची लांबी आणि बसायची जागा बदलावी लागते, इथे बदललं होतं अर्धं आणि अर्धं तसंच रेटलं होतं. बॉल जॉइंट बोटांनी हलत होते. आणि सगळ्यात वाईट म्हणजे आडवी दांडी. पुढचा अ‍ॅक्सल गाडीच्या सांगाड्याखाली डावी-उजवीकडे सरकू नये म्हणून एक दांडी त्या दोघांना आडवी जोडलेली असते. तिच्या भोकापेक्षा बोल्ट बारीक होता. कुणीतरी त्याच्याभोवती पत्र्याची पट्टी गुंडाळून तो घट्ट केला होता. डब्याचा पत्रा. त्याच्यावर डब्याच्या छापाचं अर्धं फूलसुद्धा शिल्लक होतं.

"हे ज्याने केलं त्याला माहीत होतं," हे म्हणाले. "ज्याला माहीत नसतं तो पट्टी गुंडाळत नाही."

दुपारी मी मागच्या सीटखाली झाडायला घेतलं. सतरंजीच्या खालून काचेचे बारीक चौकोनी दाणे निघाले. मूठभर. गाडीच्या सगळ्या काचा तर शाबूत होत्या. मी ते दाणे केरसुणीने पुढे लोटले आणि ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी टॉर्च घेऊन छताच्या कडेने हात फिरवला, एका जागी थांबले.

"उलटलेली आहे ही. छत ठोकून सरळ केलंय."

चिमणीची खुर्ची तिथेच बांधायची होती. संध्याकाळी हे जावयाला म्हणाले, "परत करा." विकणारा फोन उचलत नव्हता. पुढच्या दोन दिवसांत दुसरी गाडी कुठून आणायची? लेक म्हणाली, "बाबा, उलटली असेल तर असेल. तुम्ही बघितलीत ना? मग मला कसली चिंता." आणि जेवायला बसली. तिला दुसरं काही म्हणता येणारच नव्हतं. लहानपणापासून ती ह्यांनी नीट केलेल्या गाड्यांमध्ये झोपत आली होती. ह्यांनी मात्र तिच्याकडे असं बघितलं, जसं काही तिने ह्यांच्या हातात काहीतरी फार जड दिलं आणि ठेवायला जागा नव्हती.

मला तेव्हाच म्हणावंसं वाटत होतं की नका जाऊ. नोकरी गेली खड्ड्यात. पण सासू बोलली की भोचकपणा आणि आई बोलली की रडगाणं, म्हणून मी गप्प बसले. त्याचा मला आजही राग येतो.

गुरुवारी नवे भाग आले, सगळे एकाच मापाचे. गुरुवारी आणि शुक्रवारी हे जवळजवळ गाडीखालीच राहिले. बुटांची टोकं वर होती. शुक्रवारी सकाळी आवळायला घ्यायचं तर आडव्या दांडीचा नवा बोल्ट चुकीचा निघाला. जाडीला बरोबर, पण त्याचे आटे फार वरपर्यंत होते. दांडीच्या भोकात आटे नकोत, सपाट अंग हवं. हे म्हणाले, "असा चालणार नाही." जावईबापू तो बोल्ट खिशात घालून गावभर हिंडले. अकरा वाजले, बारा वाजले. गाडी लोखंडी घोड्यांवर उभी, चाकं अधांतरी. हात बांधून बसायचं ह्यांच्या रक्तातच नाही. मग ह्यांनी म्हटलं, तोवर बाकीचे उरकू.

आणि आयुष्यात पहिल्यांदा आम्ही धाकट्यांकडून सुरुवात केली. एकेक टक्, एकेक रेघ. क्लॅम्प, शॉकअपचे नट, बारक्या दांड्यांची टोकं. सगळे साठवर. मी पाटावर बसून रेघा मारत गेले. चिमणी पायरीवर बसून मोजत होती; सातनंतर तिचे नऊ येतात.

चार वाजता जावईबापू धापा टाकत आले. बोल्ट बरोबर मिळाला होता. ह्यांनी तो भोकात घातला, अंगठ्याने दाबून बघितला, खूश झाले. मी इतक्या दिवसांत ह्यांना हसताना पाहिलं नव्हतं. चाकं जमिनीवर उतरवली, कारण हा बोल्ट गाडीचा भार चाकांवर असतानाच आवळायचा असतो. हे खाली सरकले. पाना लावला. खेचला.

टक्.

इतक्या पटकन? मला खरंच तसं वाटलं. ह्या बोल्टाला ह्यांना दरवेळी कण्हायला होतं, पाय टेकवून जोर लावावा लागतो. मी म्हटलं, "आज काय हातात बळ आलंय! लेकीची गाडी म्हणून वाटतं."

खालून ह्यांचं हसू ऐकू आलं. "लेकीची नाही, नातीची."

मी रेघ मारली. चांगली जाड, सरळ मारली.

मग रीतीप्रमाणे जावईबापू आत बसले आणि स्टीअरिंग हलवत राहिले, हे सांध्यांवर तळहात ठेवून पडले. कुठे काही सैल नव्हतं. संध्याकाळी सगळे मिळून गावाबाहेरपर्यंत जाऊन आले. ऐंशीपर्यंत गेली, खड्ड्यातून गेली, मख्खपणे सरळ. जावईबापू म्हणाले, "बाबा, नवी झाली." हे म्हणाले, "पन्नास-शंभर किलोमीटरनंतर सगळे नट पुन्हा एकदा आवळून घ्या तिकडे." मग जेवण, बांधाबांध, चिमणीचा गोंधळ. पाना तसाच पोत्यावर पडून राहिला.

शनिवारी साडेसहाला ते निघाले. चिमणीला गाडी लागते, म्हणून मी तिच्या मुठीत लिंबू दिलं. गाडी एवढी उंच की खिडकीतून तिचा हात माझ्या डोक्यावर आला.

साडेआठला हे दुसऱ्या कुणाची तरी गाडी बघायला गॅरेजमध्ये गेले. मी भांडी घासत होते. बराच वेळ खिडकीतून पाय दिसेनात. मग हे स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. हातात पाना.

"काल शेवटचा बोल्ट कुठला?"

"आडव्या दांडीचा. का?"

"त्याच्या आधी?"

"बारके. सगळे बारके. अहो, झालं काय?"

"मग मी मूठ कधी फिरवली?"

मी हात पुसला नाही, तसाच तो पाना धरला. आकडा साठ होता. त्या बोल्टाला एकशे सत्तर लागतो, हे आता मलाही पाठ आहे.

मी म्हटलं, "फिरवून पुन्हा उलटी केली असेल. आठवा." ह्यांनी नुसती मान हलवली. "हाताला कळलं होतं," हे म्हणाले. "हलका गेला. हाताला कळलं होतं गं. मी टक् ऐकलं आणि सोडला." मला काय कळलं होतं ते मी तेव्हा बोलले नाही. वेळ नव्हती आणि हिंमतही नव्हती.

लेकीचा फोन लागेना. जावयाचा लागेना. घाट सुरू झाला की पहिल्या वळणापासून फोन मुके होतात. आमची जुनी व्हॅन आहे, तिच्यात हत्यारांची पेटी टाकली. ह्यांनी मूठभर जाड वॉशर खिशात घातले आणि निघालो. मी अंगावरच्या ओल्या पदरानेच निघाले.

रस्ता तसा माझ्या माहितीचा. पण त्या दिवशी मला त्याचे कठडेच दिसत होते, कुठे आहेत आणि कुठे तुटलेत. अकराव्या का बाराव्या वळणावर डांबरावर टायरांचे दोन काळे पट्टे होते, वाकडे, कडेपर्यंत गेलेले. ह्यांनी व्हॅन थांबवली. हे उतरले नाहीत. मीही उतरले नाही. दोघांपैकी कुणीतरी उतरून खाली बघायला हवं होतं आणि दोघं समोर बघत बसलो. शेवटी मीच गेले. दरीत फक्त झुडपं होती, आणि एक जुना टायर, त्याच्यातून गवत उगवलेलं. मी परत येऊन बसले आणि म्हटलं, "चला."

"तो बोल्ट गेला तर काय होतं?" मी विचारलं. एवढ्या वर्षांत कधी विचारलं नव्हतं.

"आधी वाजेल. वळताना खट् होईल. मग भोक मोठं होत जाईल. मग कधीतरी खड्डा येईल."

ह्यांनी गिअर बदलला आणि पुढचं वळण घेतलं.

चिमणीने वाचवलं. तिला उलट्या होत होत्या म्हणून ते दर दोन-चार किलोमीटरला थांबत गेले होते. खिंडीच्या माथ्यावर सपाट जागा आहे, तिथे एक चहाची टपरी आहे आणि पलीकडून उतार सुरू होतो, सरळ, लांब. तिथे ती उंच गाडी उभी दिसली. मी ओरडले की काय ते मला आठवत नाही. लेक चिमणीचं तोंड धूत होती. जावईबापू चहाचे पैसे देत होते, म्हणजे निघायच्याच बेतात होते.

"आई? तुम्ही इथे?"

हे कुणाशी न बोलता थेट गाडीपाशी गेले. जावईबापू मागोमाग. "बरं झालं बाबा आलात. मघापासून डावीकडे वळवताना खट् असं वाजतंय. पाच-सहा वळणं झाली."

हे थांबले. "मग थांबला का नाहीत?"

"थांबलो की. खाली वाकून सगळं बघितलं. एकेक नट बघितला. सगळ्यांवर तुमची पिवळी रेघ होती, एकही तुटलेली नव्हती. म्हटलं, सांध्यातले रबरी बुश नवीन आहेत, बसतायत जागेवर."

नट फिरलाच नव्हता. तो त्याच्या जागी होता, रेघही होती, आणि आत बोल्ट भोकात हलत होता. ह्यांनी जावयाला आत बसवून स्टीअरिंग हलवायला लावलं आणि खाली पडले. मी वाकून बघितलं. प्रत्येक वेळी दांडीचं टोक आधी सरकायचं आणि मग सांगाडा हलायचा. भोक लांबट झालं होतं, नखभर. ह्यांचे बूट मला दिसत होते. ते अजिबात हलत नव्हते.

ह्यांनी वॉशर घातले, मूठ एकशे सत्तरवर आणली, आकडा तीनदा बघितला. खेचताना खांदा दुखून ओरडले. टक् झालं. कुणी रेघ मारली नाही. मी डबी आणलीच नव्हती.

मग हे बाहेर आले, उठून बसले आणि जमिनीवर बसूनच बोलले. "माझं चुकलं. पाना साठवर होता. मी बघितला नाही." जावयासमोर बोलले, टपरीवाल्यासमोर बोलले. मी पुढे होऊन म्हणाले, "मलाही वाटलं होतं लवकर वाजलं म्हणून. मी थट्टा केली." जावईबापू म्हणत राहिले, "जाऊ दे बाबा, काही झालं नाही ना."

लेक चिमणीला कडेवर घेऊन उभी होती. तिने पलीकडच्या उताराकडे बघितलं, मग गाडीकडे.

"आता नीट आहे ना, बाबा?"

हा प्रश्न ह्यांना चाळीस वर्षं लोक विचारतात आणि हे 'आहे' म्हणतात. एकच शब्द. मी वाट बघत होते. ह्यांनी तोंड उघडलं, आणि मिटलं. मग म्हणाले, "भोक भरून घ्यावं लागेल. सावकाश घरी नेता येईल. बहुतेक."

लेकीने उंच गाडीतून चिमणीची खुर्ची सोडवली, आमच्या व्हॅनमध्ये नेऊन बांधली आणि तिच्याशेजारी जाऊन बसली. व्हॅनचं दार लागलं. ती रागावली नव्हती, मी तिला ओळखते. तिने फक्त पोर उचललं आणि दुसरीकडे ठेवलं. मीही तेच केलं असतं.

ह्यांनी जावयाकडे चावी मागितली. "तुम्ही व्हॅन चालवा. ही मी नेतो." मी उंच गाडीत चढायला लागले.

"तू उतर."

"नाही उतरणार."

"अगं, उतर म्हणतो ना."

"रेघ मी मारलीय," मी म्हटलं आणि दार ओढून घेतलं.

आम्ही वीसच्या वर गेलो नाही. प्रत्येक डाव्या वळणावर हे श्वास रोखायचे आणि विचारायचे, "वाजलं का?" मी खिडकीतून डोकं बाहेर काढून ऐकायचे आणि म्हणायचे, "नाही." हे पुन्हा विचारायचे, "नक्की?" ह्यांनी मला कधी कुठल्या कामात असं विचारलं नव्हतं. मागे वळून बघितलं की व्हॅन लांब दिसायची. जावईबापू मुद्दाम अंतर ठेवून होते.

रविवारभर हे भोक भरण्यात होते. सोमवारी पहाटे ते लोक पुन्हा निघाले आणि नीट पोचले. लेक दोन तास उशिरा हजर झाली, एवढंच.

नंतरच्या गोष्टी लोकांना दिसत नाहीत. आता हे पान्यावरचा आकडा मोठ्याने वाचतात आणि मलाही वाचायला लावतात. गाडी न्यायला आलेल्या माणसाला दोनदा फेरी मारून यायला सांगतात. गिऱ्हाइकं वैतागतात, काही दुसरीकडे जायला लागली. रात्री-अपरात्री नाही, भर दुपारी, जेवता जेवता ह्यांचा हात थांबतो आणि मला कळतं कुठल्या बोल्टावर थांबलाय ते. मी मुद्दाम काहीतरी टोमणा मारते. कधी हसतात, कधी नाही.

गेल्या महिन्यात लेकीचा फोन आला, ह्यांनी उचलून स्पीकरवर ठेवला. चिमणी आता वीसपर्यंत मोजते, तिकडे थंडी फार आहे, असं बरंच काही. मग सहज म्हणाली, "आणि बाबा, गाडी सर्व्हिसिंग करून घेतली. तुम्ही बसवलेलं सगळं इथल्या मेकॅनिकला खोलून बघायला लावलं. तो म्हणाला, काम एकदम पक्कं आहे."

हे म्हणाले, "बरं केलंस," आणि फोन माझ्याकडे दिला.